सफरचंद क्रमांक चार

४ ऑक्टोबर

निरोप समारंभात कारखान्यानं ही डायरी हातात ठेवली तेव्हा वाटलं होतं, आपण यात काय लिहिणार. आता लिहायला भरपूर आहे, कारण घरात माझ्या सूचना ऐकून घ्यायला कुणी तयार नाही.

आज हिला सांगितलं, चिरलेला कांदा फ्रिजमध्ये लोण्याशेजारी ठेवू नकोस, लोणी वास धरतं. ही म्हणाली, "बरं." पूर्वी अशा सूचनेवर किमान अर्धा तास उत्तर मिळायचं. उन्हाळ्याच्या शेवटी हिला मोठा ताप येऊन गेला, तेव्हापासून बायको मवाळ झाली आहे. जेवते कमी, बोलते कमी, फुलदाणीत फुलंसुद्धा आणून ठेवत नाही. नवरा पूर्ण वेळ घरी असल्याचं समाधान माणसाला असं शांत करत असावं.

मी कोण, हे डायरीला माहीत असायला हवं. मी बिस्किटं आणि टॉफीच्या कारखान्यात इसेन्स विभागाचा प्रमुख होतो. म्हणजे टॉफीत सफरचंद नसताना ती सफरचंदाची वाटावी, ही जबाबदारी माझी. सगळे मला नाकसाहेब म्हणत. समोरून म्हणत, त्यामुळे तो मानाचा शब्द होता असं मी धरून चालतो. आता नाक आहे तिथेच आहे, पण त्याला कुणी विचारत नाही.

मोठी बातमी संध्याकाळची. कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानाच्या मालकीणबाईंनी हिला काम दिलं. पानगळीच्या दिवसांत दुकानात घरगुती गोड पदार्थ ठेवायचे, ताज्या फळांचे, दर मंगळवारी आणि शनिवारी. महिनाभर चाचणी. गिऱ्हाइकांना आवडलं तर अख्खा हिवाळा काम हिचं. अट एकच, बाटलीतलं आणि डब्यातलं काही चालणार नाही. ही जन्मभर घरच्यांसाठी रांधत आली आणि घरच्यांनी कधी नीट तोंडभरून कौतुक केलं नाही, असं हिचं म्हणणं. "आता चार परकी माणसं काय म्हणतात ते मला ऐकायचंय," ही म्हणाली. हे ऐकून मला जरा टोचलं, पण मी "उत्तम" म्हणालो.

आणि मग ही माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही चाखून सांगाल का? प्रत्येक वेळी?"

ज्या स्वयंपाकघरात मला पाण्याच्या माठापलीकडे जायची परवानगी नव्हती, तिथून बोलावणं आलं. उशिरा का होईना, हिऱ्याची पारख झाली.

६ ऑक्टोबर

हिच्याबरोबर फळबाजारात गेलो. रस्त्यावर पिवळ्या पानांचा खच, हवेत गारठा, आणि फळवाल्याकडे सफरचंदांचे ढीग. मी एकेक सफरचंद उचलून वास घेतला आणि खाली ठेवलं.

"काय झालं काका?" फळवाल्यानं विचारलं.

"याला सफरचंदाचा वास कमी आहे."

"काका, ते सफरचंदच आहे."

"असेल. पण वाटायला हवं ना."

फळवाला हिच्याकडे वळला. "काकू, यांना घरी ठेवून येत जा."

गंमत म्हणजे आज हिनं एकाही फळाचा वास घेतला नाही. पूर्वी ही खरबूज असं हुंगायची की मागच्या गिऱ्हाइकांची रांग लागायची. आज नुसतं हातानं दाबून, देठ बघून, वजन तोलून फळं घेतली. लाल भोपळ्यावर टिचकी मारून कान लावला. माझ्या सहवासात हिला शेवटी शास्त्रीय दृष्टी आली म्हणायची.

७ ऑक्टोबर

पहिला माल गेला. सफरचंदाचा गाभा कोरून त्यात अक्रोड, मनुका, लोणी, साखर आणि दालचिनी भरायची आणि ओव्हनमध्ये साल सुरकुतेपर्यंत भाजायचं. हिचा हात सुरेखच चालतो. मी स्टुलावर बसून देखरेख केली.

एक सफरचंद माझ्यापुढे आलं. मी खाल्लं आणि म्हणालो, "पास."

"पास म्हणजे काय? कसं लागतंय?"

"चांगलं."

"चांगलं म्हणजे? दालचिनी जास्त झाली का? अक्रोड खवट नाही ना? लोण्याला कसला वास येत नाही ना?"

एवढे प्रश्न कारखान्याच्या तपासणी पथकानंही मला कधी विचारले नव्हते. मी म्हणालो, "अगं, पास म्हणजे पास. तूच खाऊन बघ की." हिनं एक घास खाल्ला आणि बराच वेळ चघळत राहिली. मग ट्रेवर फडकं टाकलं. कौतुक करून घ्यायची हौस म्हातारपणी वाढते, त्यातला प्रकार.

सगळी सफरचंदं दुपारपर्यंत संपली. ही दिवसभर गुणगुणत होती.

९ ऑक्टोबर

सकाळी बाथरूममध्ये माझ्या हातून फिनेलची बाटली फुटली. घरभर असा भपकारा उठला की मी डोळ्यांतून पाणी गाळत जिन्यात जाऊन उभा राहिलो. शेजारचे दार उघडून बघून गेले. आणि ही, बाथरूमला लागून स्वयंपाकघर, तिथं आरामात बसून अक्रोड फोडत होती. मी बाहेरून ओरडलो तेव्हा कुठे उठून आली आणि म्हणाली, "काय सांडलं?"

कामावरची अशी निष्ठा मी माझ्या विभागात एकाही माणसात पाहिली नाही.

११ ऑक्टोबर

आज भोपळ्याचा केक. भोपळा भाजून, गर गाळून, अंडी, जायफळ आणि गूळ घालून. हिनं मला तीन वेळा चाखायला लावलं आणि तीनही वेळा मी पास म्हटल्यावर ही वैतागली. काय चुकलं कोण जाणे.

दुपारी लेक आली. ती दोन गल्ल्या सोडून राहते आणि शाळेत शिकवते, त्यामुळे सगळ्यांशी चौथीच्या वर्गाशी बोलावं तशी बोलते. तिनं केकचे दोन तुकडे खाल्ले. मी म्हणालो, "यात माझाही वाटा आहे."

"कुठला?"

"मी चाखतो."

"बाबा, आयत्या बिळावर नागोबा."

ती हसत होती, पण मला लागलं. खरं म्हणजे तिचं चुकलं नव्हतं. फळं हिची, हात हिचे, नाव हिचं, आणि मी स्टुलावर बसून मान डोलवणारा. आयुष्यभर ज्या नाकावर घर चाललं, त्याला आता मान डोलवण्यापलीकडे काम नसावं हे मला सहन होत नाही. काहीतरी ठोस भर घालायला हवी.

१३ ऑक्टोबर

कपाटातून माझी पेटी काढली. निरोपाच्या वेळी मी इसेन्सच्या काही बाटल्या आठवण म्हणून मागून घेतल्या होत्या. त्यातली माझी लाडकी म्हणजे सफरचंद क्रमांक चार. माझी निर्मिती. पोरं डोळे मिटून ओळखायची. खऱ्या सफरचंदाला ओळखायला डोळे उघडावे लागतात, हाच तर फरक.

बाटलीतलं चालणार नाही ही मालकीणबाईंची अट मला माहीत आहे. पण ती अट दुकानात मिळणाऱ्या बाटल्यांसाठी असणार. क्रमांक चार हा माझ्या हातचा, म्हणजे एका अर्थी घरगुतीच.

तरीही आधी हिची परीक्षा घ्यायची ठरवली. एका फोडीवर दोन थेंब टाकले आणि हिला दिली. चोराच्या मनात चांदणं, म्हणून बाटली आधीच खिशात घातली. याच बाईनं लग्नानंतर पहिल्याच वर्षी माझं केळं क्रमांक दोन बाटलीसकट खिडकीबाहेर फेकलं होतं.

हिनं फोड खाल्ली. "गोड आहे," म्हणाली. "छान."

मी दुसऱ्या खोलीत जाऊन थोडा वेळ नुसता बसलो. संसाराच्या इतक्या वर्षांनी हिनं माझ्या कामाला छान म्हटलं होतं.

१४ ऑक्टोबर

आज मोठा ट्रे. खाली सफरचंदाच्या फोडी आणि अक्रोड, वर लोणी-पिठाचा भरड चुरा, आणि सगळं सोनेरी होईस्तोवर भाजायचं. ही खाली दूधवाल्याकडे गेली तेवढ्यात मी फोडींच्या पातेल्यात क्रमांक चार घातला. एका फोडीला दोन थेंब तर पातेल्याला किती, हे त्रैराशिक मांडलं. आचेनं थोडा उडून जाईल म्हणून वरून जरा सढळ हातानं.

ही आली, पातेलं ढवळलं, चमच्यानं चाटून पाहिलं. हिनं नाक मुरडलं नाही, भुवईसुद्धा हलवली नाही.

"साखर बेताची आहे," म्हणाली. "बाकी कसं झालंय?"

"आजवरचं सगळ्यात उत्तम."

"नक्की ना? तुमच्या भरवशावर पाठवते हं."

"बिनधास्त पाठव," मी म्हणालो. असा भरवसा मिळायला निवृत्त व्हावं लागलं.

१५ ऑक्टोबर

सकाळीच मालकीणबाई दारात. हातात कालचा ट्रे, वर आमचंच फडकं. ट्रे जवळजवळ भरलेला.

त्या उभ्याउभ्याच बोलल्या. "बाई, याला खोकल्याच्या औषधाचा वास येतो. माझ्या एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं विचारलं, हे जेवणाआधी घ्यायचं की नंतर."

हिनं माझ्याकडे पाहिलं, मग ट्रेकडे. मला वाटलं आता माझी धडगत नाही. पण ही शांतपणे म्हणाली, "माझी चूक झाली. पुन्हा नाही होणार."

"बाटलीतलं नको म्हणून मी आधीच सांगितलं होतं."

"हो. चूक माझीच."

"शनिवारी शेवटचं बघते," असं म्हणून त्या गेल्या. त्या काही वाईट बाई नाहीत. जाताना फडक्याची घडी घालून दिली.

मी तिथंच उभा होतो आणि मला तोंड उघडता आलं नाही. ही ट्रे घेऊन आत गेली. नंतर लेकीशी फोनवर बोलताना ऐकू आलं, "मला कळलंच नाही गं." लोकांची आवड हिला कळली नाही, असं हिला म्हणायचं असावं. त्यात हिचा काय दोष? आवड माझी होती. पण हिनं माझ्यासाठी खोटं का बोलावं, हे मात्र डोक्यातून जात नाही.

१६ ऑक्टोबर

शाळा सुटल्यावर लेक आली. चप्पल काढायच्या आधी दारातच थांबली.

"घरात टॉफी कुणी उकळली?"

मी पेपर चेहऱ्यासमोर धरला.

"बाबा."

मी पेपर खाली घेतला आणि सांगून टाकलं. क्रमांक चार, पातेलं, त्रैराशिक, सगळं. ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन ऐकत होती. मला वाटलं ही चिडेल. पण लेकच हिच्याकडे वळली.

"अगं पण आई, दारातून मला वास आला. पातेल्यात तुला नाही आला?"

हिनं पदराला हात पुसले. आधीच कोरडे होते.

"आई?"

"नाही येत मला," ही म्हणाली. "तापातून उठल्यापासून कसलाच येत नाही. गोड कळतं, आंबट कळतं, खारट कळतं. बाकी सगळा पुठ्ठा. सफरचंद म्हणजे ओला पुठ्ठा आणि अक्रोड म्हणजे सुका."

फुलदाणी, फळबाजार, फिनेल, ते तीन-तीनदा चाखायला लावणं, सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं होतं. मी ते या डायरीत स्वतःच्या हातानं लिहूनही ठेवलं होतं, आणि प्रत्येक वेळी त्यातून स्वतःचीच आरती ओवाळली होती. मला फार लाज वाटली. त्याहून जास्त वाईट वाटलं. इतके दिवस माझ्या शेजारी बसून ही पुठ्ठा खात होती.

"मला सांगायचं नाही का?" मी विचारलं.

"तुम्हाला? तुम्ही सकाळ-संध्याकाळ माझ्या नाकाखाली बाटल्या धरल्या असत्या. आणि तक्ता केला असतात."

हे खोटं नव्हतं. ही बोलत होती तेव्हाच माझ्या मनात आलं होतं की सुरुवात पुदिन्यापासून करावी.

"आणि मालकीणबाईंना कळलं असतं तर? जिला वास येत नाही तिच्या हातचं कोण विकत घेईल? म्हणून म्हटलं, घरात एवढं मोठं नाक आहे, त्याच्यावर विसंबावं." मग ही थेट माझ्याकडे बघून म्हणाली, "मी डोळे मिटून विसंबले तुमच्यावर."

लेक चौथीच्या वर्गाला म्हणावं तसं काहीच म्हणाली नाही. तिनं आईला जवळ घेतलं. मी पेपरची घडी घालत राहिलो, ती काही नीट पडेना.

१७ ऑक्टोबर

अबोला. सकाळी पेटी उचलून खाली कचऱ्यात टाकून आलो. परत येऊन सांगितलं. ही म्हणाली, "हात धुतलेत का?" अबोला पुढे चालू.

दुपारी ही स्वतःहून म्हणाली, "उद्याच्याला नाशपाती आणायच्या. चला. नाक घेऊन या, अक्कल घरी ठेवा."

१८ ऑक्टोबर

आजचं सविस्तर लिहितो.

नाशपाती सोलून, अर्ध्या करून, पातेल्यात थोड्या पाण्यावर आणि साखरेवर शिजायला ठेवल्या. मी स्टूल सोडून शेगडीपाशी उभा. ही हातात डाव घेऊन माझ्या तोंडाकडे बघत.

"सांगा."

"पास."

हिनं डाव खाली ठेवला. "पास-नापास लेकीच्या शाळेत. मला सांगा, कसला वास येतोय?"

"नाशपातीचा."

"ते मला दिसतंय."

मी पुन्हा वास घेतला. "क्रमांक सातच्या जवळ जातोय, पण मागून जरा..."

"मला तुमचे क्रमांक ठाऊक नाहीत. मला ठाऊक असलेलं काहीतरी सांगा."

इतकी वर्षं नाकावर पोट भरलं, पण वास कसा आहे हे कुणाला सांगायची वेळ कधी आली नव्हती. आकडा लिहिला की काम संपायचं. शेवटी जे मनात आलं ते म्हणालो, "ओल्या टॉवेलसारखा येतोय."

मला वाटलं ही चिडेल. ही म्हणाली, "म्हणजे पाणी सुटतंय अजून. झाकण काढा."

थोड्या वेळानं, "आता?"

"टॉवेल उन्हात टाकलाय. अजून पुरता वाळला नाही."

"मग लोणी घालते." लोणी घातलं, दालचिनीचा तुकडा टाकला. "आता?"

"दालचिनी पुढे पुढे करतेय. पाहुण्यांत एखादी आत्या कुणाला बोलू देत नाही तशी."

ही हसली आणि दालचिनीचा तुकडा उचलून बाहेर टाकला. बऱ्याच दिवसांनी हसली. माझ्या अंगात हुरूप आला. मी डोळे मिटून अजून जवळ वाकलो.

"आपली लेक तान्ही होती ना, दूध पिऊन झोपली की तिच्या मानेपाशी नाक नेल्यावर यायचा. तसा. कोमट आणि गोड."

ही पातेल्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "झालं. उतरवा."

मालकीणबाईंकडे आम्ही दोघं घेऊन गेलो. हिनं आधी त्यांना खरं सांगितलं, नाकाचं आणि बाटलीचंही. मला हे मान्य नव्हतं, पण मला विचारलं कुणी. मालकीणबाई ऐकत होत्या आणि एकीकडे नाशपाती खात होत्या. शेवटी म्हणाल्या, "हं." आणि नाशपातींचं भांडं काचेच्या कपाटात पुढच्या बाजूला ठेवली. घरी येताना त्या "हं"चा अर्थ काय यावर आमचं रस्ताभर भांडण झालं. किती बरं वाटलं.

२२ ऑक्टोबर

हिला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासलं आणि म्हणाले, येईल, कदाचित हळूहळू येईल, कदाचित नाही येणार, वाट बघायची. यावर मी इतके प्रश्न विचारले की त्यांनी पेशंट नक्की कोण असं विचारलं. ही म्हणाली, "मी. पण त्रास यांना जास्त आहे."

परतताना ही पानांवरून चालत होती. मग म्हणाली, "नाहीच आला तर?" मी म्हणालो, "मी आहे ना." हे वाक्य सिनेमातलं वाटेल, पण मी ते बाजाराची पिशवी सांभाळत, धापा टाकत म्हटलं. ही म्हणाली, "तुम्ही आहात म्हणूनच काळजी वाटते." पण माझ्या हातातली पिशवी काढून घेतली.

२५ ऑक्टोबर

अंजीर आणि मधाचा केक गेला. कालचे भाजलेले अंजीर मी हिला "पावसात भिजलेल्या शाळेच्या दप्तरासारखे" असे सांगितले. हिनं ताबडतोब मध कमी केला आणि केक सरस झाला. माझ्या बोलण्यातून हिला काय कळतं ते मला कळत नाही, पण कळतं खरं.

मला मात्र बोलायची चटक लागली आहे. रस्त्यात, जिन्यात, जेवताना, सारखं काहीतरी हुंगून सांगावंसं वाटतं. फळवाला आता मला बघून फडकं टाकून फळं झाकतो. ही म्हणते, "आधी तोंडातून शब्द फुटत नव्हता, आता नळ फुटलाय."

मालकीणबाईंचा निरोप आला. पुढच्या शनिवारी महिना भरतो. त्या दिवशी दुकानात गर्दी असते, सफरचंद-अक्रोडाचा मोठा ट्रे हवा. तोच, जो परत आला होता. त्यावरून हिवाळ्याचं ठरवणार. ही दिवसभर ओव्हन पुसत होती.

१ नोव्हेंबर

आज दुकानात माल गेला नाही.

मी फोन करून मालकीणबाईंना सांगितलं की ट्रे जळाला. "जळाला? सगळा?" त्या म्हणाल्या. मी म्हणालो, "सगळा. कोळसा." "आणि तुम्ही हे हसत सांगताय?" त्यांना वाटलं घरात काहीतरी भलतंच झालंय. दुकान मदतनिसावर सोडून त्या वर आल्या. स्वयंपाकघरात धूर, खिडक्या सताड उघड्या, आणि आम्ही दोघं जमिनीवर बसून ट्रेच्या कडा खरवडतोय. त्यांनी ही काय अवदसा म्हणून विचारलं. हिनं सांगितलं. त्या खाली बसल्या, चमचा मागितला, काळं बाजूला करून मधला भाग खाल्ला आणि बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "मंगळवारी जरा कमी भाजा." हिवाळ्याचं त्यात आलं असं ही म्हणते. मलाही तसंच वाटतं, आणि यावर आमचं भांडण झालं नाही.

झालं ते असं. ट्रे ओव्हनमध्ये होता. शेगडीवर दुसऱ्या पातेल्यात मंगळवारसाठी नाशपाती ठेवल्या होत्या, आणि मी त्या पातेल्यात डोकं घालून हिला सांगत होतो. आज रंगात आलो होतो. आपण पहिल्यांदा भाड्यानं घेतलेल्या खोलीत लाकडी कपाट होतं, त्यात तू नवी कोरी चादर ठेवली होतीस, ते दार उघडल्यावर पहिल्या क्षणाला जसं वाटायचं, असं माझं चाललं होतं.

"अहो," ही म्हणाली.

"थांब गं. आणि त्या चादरीच्या मागून साबणाची वडी, अगदी पुसट."

"अहो, काहीतरी जळतंय."

"काही जळत नाही. मी इथं नाक लावून उभा आहे, मला कळणार नाही का? नाशपाती आहे ही. जळकं असतं तर सगळ्यात आधी मला..."

आणि मी थांबलो. हे कोण म्हणतंय, ते माझ्या डोक्यात शिरायला एवढा वेळ लागला.

मी वळून पाहिलं. ही ओव्हनसमोर उभी होती. दाराच्या फटीतून धूर येत होता आणि हिचे डोळे मिटलेले, नाकपुड्या फुललेल्या, गालांवरून पाणी ओघळत होतं. धुराचं असेल असं मी स्वतःला सांगितलं, मग माझ्याही डोळ्यांत तोच धूर गेला. आत मोठा ट्रे होता, महिनाभराची मेहनत, हिवाळ्याचं काम. मी धावत जाऊन ओव्हनच्या बटणाला हात घातला.

हिनं माझं मनगट धरलं.

"राहू द्या हो," ही म्हणाली. "अजून थोडं जळू द्या."